खालचे फुटवे

१५ जून, रविवार

उद्यापासून क्लासची नवी बॅच, म्हणून आजपासून नवी डायरी. संकल्प मोजकेच. पहाटे घाटापर्यंत चालणे. चहा बिनसाखरेचा. देगलूरला बाबांना रोज फोन.

बाबा परवा न्हाणीत पडले. मला ज्योत्स्नाकडून कळले. ज्योत्स्ना माझी धाकटी बहीण, लातूरला नर्स आहे, आणि काहीही झाले की बाबा आधी तिलाच सांगतात. हाड मोडलेले नाही. आई गेल्यापासून माणूस एकटा राहतोय, दादा तू काही ठरवणार आहेस का, असे तिने विचारले. मी म्हणालो, प्लॅन तयार आहे.

उद्या प्लॅन तयार करणे.

१७ जून

चालणे नाही. आभाळ होते. चहा विशाखाने साखर घालूनच आणला, आणि बायकोने केलेला चहा परत पाठवणे माझ्या स्वभावात नाही. बाबांना फोन लावला, उचलला नाही. एकदाच लावला, पण मनापासून.

सुदर्शन सरांनी केबिनमध्ये बोलावले. क्लास त्यांचा, फिजिक्स शिकवतात. हा मुलगा एकेकाळी माझ्याच हाताखाली बॉटनी शिकला, पण मी तसे कोणासमोर बोलून दाखवत नाही. दोनदाच दाखवले. तर नीटच्या मेन बॅचला यंदा हैदराबादचे नवे सर, आणि मला डाउट काउंटर. ज्या पोरांना वर्गात समजले नाही ती माझ्याकडे येणार. नव्या सरांनी बिघडवायचे आणि मी दुरुस्त करायचे. जबाबदारी वाढली म्हणायची.

जिन्यावरचा माझा फ्लेक्स उतरवलाय. 'बॉटनीचा बादशहा : आनंदराज सर' लिहिलेला. नवीन छापत असतील. जुना घरी आणला, मटेरियल चांगले आहे.

२२ जून, रविवार. देगलूर

बाबांना तोंडावर सांगितले, सामान आवरा, नांदेडला चला. बाबा म्हणाले, "आधी हिला ने. मंग मी येतो."

'ही' म्हणजे अंगणातला पेरू. आईच्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या नाहीत. आमच्या गल्लीत बरीच घरे अस्थी अंगणात पुरतात आणि वर झाड लावतात. कोपऱ्यावर विठाबाईचा चिकू आहे, विहाराच्या मागे धम्मानंदमामांचा आंबा. पत्ता सांगतानाही तसाच सांगतात, चिकूवरून डावीकडे. आमचा नागुबाईचा पेरू. तीन वर्षांत कौलांच्या वर गेला.

बाबा रोज सकाळी त्याच्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचतात. मोठ्याने. आईला वाचता येत नव्हते, ती असतानाही असेच वाचून दाखवायचे. एसटीच्या डेपोत आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज, तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मला जरा ऑकवर्ड होते.

परतताना नायगावला चहा पीत होतो (साखरेचा, प्रवासात नियम लागू नाही) आणि एकदम सुचले. गुटी कलम!

२३ जून

फार सोपे आहे. फांदीवरची साल गोल बांगडीसारखी काढायची. जखमेवर ओले मॉस, म्हणजे शेवाळ, बांधायचे, वरून प्लास्टिक. तिथे मुळे फुटली की खालून कापायचे. झाले दुसरे झाड.

माळी लोक हे बोटाएवढ्या फांदीवर करतात म्हणे. पण पुस्तकातल्या आकृतीत बांगडी मुख्य खोडावर काढलेली आहे. ती आकृती मी बावीस वर्षे फळ्यावर काढतोय, डोळे झाकून काढतो. शिवाय फांदी म्हणजे आईचा तुकडा. बाबा 'हिला ने' म्हणाले, हिचा तुकडा ने म्हणाले नाहीत. मी अख्खा पेरू नेणार.

२१ सप्टेंबरला आईचा तिसरा स्मृतिदिन. त्या दिवशी सगळ्यांसमोर कापायचे आणि बाबांसकट नांदेडला आणायचे. विशाखा म्हणाली, आधी एखाद्या नर्सरीवाल्याला विचारा. मी हसलो. नर्सरीवाल्याची मुलगी माझ्याच डाउट काउंटरला येते.

२९ जून, रविवार. देगलूर

ऑपरेशन यशस्वी. खोड मनगटाएवढे. चार बोटे रुंदीची साल पूर्ण गोल काढली. आतला चिकट थरही खरवडला, पांढरे लाकूड लागेपर्यंत. बाबा शेजारी उभे होते, त्यांना समजेल असे समजावत होतो. आतल्या लाकडातून पाणी वर जाते. पानांत जेवण तयार होते, ते सालीतून खाली येते. साल काढली की जेवण इथे अडते, साचते, आणि त्या जोरावर इथेच मुळे फुटतात.

बाबांनी विचारले, "मंग खालच्या मुळाला जेवन कोन देनार?"

लोकांना नेमका चुकीचा प्रश्न सुचतो. मी म्हणालो, मुळाकडे स्टॉक असतो बाबा. ते म्हणाले, किती दिवसाचा? मी म्हणालो, भरपूर.

मॉस देगलूरला मिळाले नाही. कूलरच्या जुन्या गवताच्या पॅड होत्या, त्या भिजवून बांधल्या. तत्त्व तेच. मुळांना अंधार लागतो म्हणून पारदर्शक प्लास्टिकऐवजी माझा उतरवलेला फ्लेक्स गुंडाळला. घडी अशी पडली की माझा फोटो बरोबर पुढे आला. बाबांनी फोटोकडे पाहिले, सालीच्या तुकड्यांकडे पाहिले, आणि ते तुकडे गोळा करून बुडाशी मातीत पुरले. हे कशाला ते मी विचारले नाही.

६ जुलै

बाबांचा फोन आला. (आज मीच करणार होतो.) खोडाला कापल्याच्या खाली चार कोंब फुटलेत म्हणाले, लालसर, चांगले जोमात. आवाजात आनंद होता. मी सांगितले, लगेच खुडून टाका. वरच्या मुळांना लागणारी ताकद हे फुटवे खाली खाऊन टाकतात. पुस्तकात फुटव्यांबद्दल वेगळे काही नाही, पण लॉजिक आहे.

बाबा म्हणाले, "लई कोवळं हाय रे. काढवत न्हाई."

मी म्हणालो, बाबा, सायन्समध्ये मन मध्ये आणायचे नसते. रोज सकाळी पेपर झाला की बघायचे आणि दिसेल तो काढायचा. ते म्हणाले, बरं. तू शिकलेला हायस.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास, पावसाळ्यातले तीन महिने व्रताचे. संकल्प नव्याने, आता पौर्णिमेपासून धरायचे. जूनमधले धरायचे नाहीत, तेव्हा तयारी चालू होती.

सायंकाळी विहारात गेलो. बाबांना फोन उद्या.

१९ जुलै

डाउट काउंटरवर आठवडाभर कोणी नाही. पोरांना डाउटच राहिलेले नाहीत, म्हणजे माझ्या जुन्या नोट्स पोचल्या असणार. नव्या सरांचा फ्लेक्स लागलाय. माझ्यापेक्षा मोठा आहे, पण माणूसच रुंद आहे.

३ ऑगस्ट, रविवार. देगलूर

डोळ्यांवर विश्वास बसेना. पेरू नुसता लगडलाय. पाने हिरवीगार, फांद्या वाकल्यात. एवढी फळे कधीच आली नव्हती. बांगडीच्या वरच्या अंगाला खोड टम्म फुगलेय, फ्लेक्स ताणलाय, माझे गाल फुगल्यासारखे दिसतात. आत मुळांची गर्दी झाली असणार. बाबांनी पिकलेला पेरू कापून दिला. साखर! बाबा म्हणाले, "औंदा हिनं लई दिलं बघ. हातचं राखून न्हाई ठेवलं कायी."

बाबांची तब्येतही भरलीय. चेहरा गोल झालाय, पाय तर चांगले जाड झालेत, चप्पल बसेना म्हणून पट्टा सैल करून घेतला. एकटे राहूनही माणूस बाळसे धरतो, हे ज्योत्स्नाला ऐकवले पाहिजे.

ऐकवले. तिने विचारले, पायाला बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का? मी म्हणालो, मी बापाचे पाय चेपतो, दाबून बघत नाही. ती म्हणाली, चेपतोस का खरंच? ती नर्स आहे, तिला सगळीकडे आजार दिसतो. रक्त-लघवी तपासून घे म्हणाली. घेऊ. नांदेडला आल्यावर एकदमच सगळे करू, तिकडे सोयी चांगल्या.

१० ऑगस्ट

टेस्टचा पेपर मी काढला होता. आवडता प्रश्न घातला : खोडाची साल बांगडीसारखी काढलेल्या झाडाचा कोणता भाग आधी मरतो? अ) पाने ब) फळे क) मूळ ड) कोणताच नाही. निम्म्याहून जास्त पोरांनी 'पाने' लिहिले. उत्तर मूळ. पाणी वर जात राहते, म्हणून पाने हिरवी दिसतात, आणि मूळ तिकडे उपाशी मरते. इतके सोपे! ही पोरे डोळ्यांना दिसेल ते उत्तर लिहितात, डोके चालवत नाहीत. काउंटरवरच्या फळ्यावर मोठे करून लिहिले. कोणी वाचायला आले नाही.

२४ ऑगस्ट

आठवडाभर पाऊस, पुलावर पाणी, देगलूरला जाता आले नाही. हे कारण नाही, हा हवामान खात्याचा विषय आहे. बाबांशी फोनवर बोललो. (त्यांनी केला.) खालचे फुटवे आधी रोज निघायचे, मग दोन-चार दिवसांनी, आता पंधरवडा झाला एकही आला नाही, म्हणाले. मी शाबासकी दिली. झाड शिस्तीला लागले.

बाबा म्हणाले, "येकांदा ठिवला असता तं?"

मी म्हणालो, आता कशाला, आता आपण जिंकलोय.

७ सप्टेंबर

सोसायटीच्या अंगणात पेरूसाठी खड्डा मागितला. सेक्रेटरी म्हणाले, ब्लॉक बसवलेत, उकरता येणार नाहीत. मग प्लास्टिकचा निळा ड्रम आणला, बाल्कनीत ठेवला, माती भरली. आता बाल्कनीत एक माणूस आणि एक झाड एवढेच मावते. बाबा आणि पेरू. हिशोब बरोबर आला.

क्लासमध्ये काउंटर बंद. मला घरी बसून प्रश्नसंच काढायला सांगितलेय. वर्क फ्रॉम होम मोठ्या कंपन्या देतात.

२१ सप्टेंबर, रविवार. देगलूर

लिहायचे आहे. नीट लिहितो.

पाऊस उघडला होता. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झाले, आईच्या फोटोला फुले वाहिली. गल्ली सगळी आली होती. पेरू कापून सगळ्यांना वाटले. जो तो म्हणत होता, नागुबाईच्या हाताची चव हाय. मी थोडे भाषण केले. खोड, साल, मूळ. लोक ऐकत होते, किंवा खात होते.

मग करवत घेतली. बाबा म्हणाले, "आधी सोडून तं बघ, मुळं आल्यात का." मी म्हणालो, फ्लेक्स आत्ता सोडला तर कोवळी मुळे दुखावतील. असे काही पुस्तकात नाही. पण सगळे बघत होते, आणि मी आधीच बोलून बसलो होतो.

कापले. खोड आडवे झाले, ज्योत्स्नाने आणि विशाखाने धरले. फ्लेक्स सोडला. गवत कुजलेले, मुंग्या. आत मोठी गाठ होती, मुठीएवढी, खडबडीत. मूळ एकही नव्हते. बोटाने चाचपले, सगळीकडून चाचपले. एकही नाही.

ज्योत्स्ना आत निघून गेली. मी म्हणालो, गाठ म्हणजे मुळांची पहिली स्टेज, ड्रममध्ये लावल्यावर येतील. माझा आवाज मला क्लासमधल्यासारखा ऐकू आला.

बाबा खाली वाकले आणि बुडख्यावरचा भुसा हाताने साफ केला. मग म्हणाले, "चला. येतो म्हनलं व्हतं."

गाडीची डिकी उघडी ठेवून पेरू मागून आत घातला, शेंडा पुढे, बाबांच्या खांद्यावर. देगलूर ते नांदेड त्यांनी तो हाताने धरून ठेवला.

ठरल्याप्रमाणे बाबा नांदेडला आले. प्लॅनचा मुख्य भाग पूर्ण.

२५ सप्टेंबर

पाने खाली लोंबलीत. ट्रान्सप्लांट शॉक. नॉर्मल.

२८ सप्टेंबर

पाने गळतायत. पाणी वाचवण्यासाठी झाड पाने टाकते, हा त्याचा शहाणपणा. बाबा ड्रमजवळ खुर्चीत बसतात. विशाखा पेपर नेऊन देते, तो मांडीवर तसाच असतो. मी म्हणालो, वाचा की मोठ्याने, शेजाऱ्यांचे मी बघतो. ते म्हणाले, "कुनाला वाचू?"

२ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

सगळे विहारात. बाबा आले नाहीत. चालवत नाही म्हणाले. ड्रममध्ये आता काठी उभी आहे. पाणी देतोच.

६ ऑक्टोबर

ज्योत्स्ना लातूरहून आली. बाबांच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला, बराच वेळ तसाच राहिला. मला म्हणाली, बघ. मी बघितले. तिने लगेच दवाखान्यात नेले.

किडन्या. डॉक्टर म्हणाले सूज बरेच दिवसांची असणार, घरात कोणाच्या लक्षात नाही आली? ज्योत्स्नाने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही, ते जास्त लागले. मी ऑगस्टमध्ये या वहीत 'बाळसे' लिहिलेय. पान काढून वाचले. फाडणार होतो, फाडले नाही.

१९ ऑक्टोबर

बाबा घरी आले. गोळ्या आहेत, मीठ बंद, पाणी मोजून. यापेक्षा सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितले. बाबांना विचारले, काही हवे का? म्हणाले, एकदा घर बघून येऊ.

काठी ड्रममधून उपटली. खाली गाठ काळी पडली होती. विशाखा म्हणाली, देगलूरच्या बुडख्याला फुटेल कदाचित, पेरू फुटतो. मी तिला समजावले की ते आता शक्य नाही. मुळे उपाशी मेली. वर काही दिसत नव्हते तेव्हाच मेली. मी हे फळ्यावर लिहिले होते, म्हणालो. ती म्हणाली, माहीत आहे.

मला आईची फार आठवण येते. तीन वर्षांत येत नव्हती एवढी. कारण तिकडे बाबा होते आणि झाड होते, आठवण काढायचे काम ते करत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार. देगलूर

बाबांना घेऊन आलो. गॅस सिलिंडर, आईचा फोटो, चार भांडी घ्यायची, कुलूप लावायचे, एवढेच काम. बाबा अंगणात बुडख्याजवळ टेकले. त्यांना तिथेच बसवून मी आत गेलो.

पंधरा-वीस मिनिटे लागली असतील. फोटो पुसून पिशवीत ठेवत होतो तेवढ्यात बाबा भिंत धरत दारापर्यंत आले. दम लागला होता. मूठ पुढे केली आणि उघडली. आत एक कोंब होता. बोटभर. लालसर, दोन पाने उलगडलेली, देठाला अजून ओल.

म्हणाले, "बुडाला फुटला व्हता. येकच. काढला बघ. तू सांगितलं व्हतं, दिसंल तो काढायचा."

त्यांच्या तोंडाकडे बघितले. टोमणा नव्हता. सांगितलेले काम केल्याचे समाधान होते.

मी बाहेर जाऊन बुडख्याशी बसलो. माती उकरली. जिथून कोंब मोडला होता तिथे खाली एक मूळ होते, करंगळीएवढे. नखाने खरवडले. आत पांढरे होते, ओले होते. मी मेले म्हणून लिहून मोकळा झालो होतो, आणि हे एक इतके दिवस जगले होते. बाकीची खरवडली. सगळी तपकिरी, कोरडी. परत त्या एकाला हात लावायचा धीर झाला नाही. माती लोटली.

बाबा दारातून बघत होते. विचारले, "बरूबर काढला न्हवं?"

मी म्हणालो, हो बाबा, बरोबर काढला.